बारा कोअरचा लॅपटॉप घेतला, पण कंपायलरला त्यातला कुठला दिसतो?

"मॅडम, बारा कोअर आसात, आनीक कितें जाय?" म्हापशातल्या दुकानातला पोरगा लॅपटॉप उलटा करून स्टिकर दाखवत म्हणाला. मी नुसती हसले. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग. बारा आहेत हे खरंच आहे, पण बाराही एकसारखे नाहीत हे त्याला माहीत नव्हतं, मला माहीत होतं, आणि तरी त्यातून मला पुढे काय काय ताप होणार आहे याची मला सुद्धा कल्पना नव्हती. शुक्रवार होता, बाजाराची गर्दी, वरून जुलैचा पाऊस. ५४ हजार मोजले, पणजीला बस बदलली आणि खोका मांडीवर घेऊन फोंड्याला आले. आता सात महिने झाले, रोज वापरतेय, म्हणजे लिहायला हरकत नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझं म्हणणं डब्याबद्दल कमी आणि आतल्या प्रोसेसरबद्दल जास्त आहे, आणि तो प्रोसेसर बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये आहे: इंटेलचा आय५-१२४०पी, बारावी पिढी, २०२२ चा. नवीन पिढ्या आल्या म्हणून हा जुना स्टॉक स्वस्तात गेला. ज्यांना एक्सेल आणि यूट्यूबच करायचंय त्यांनी खाली कीबोर्ड-पंख्याबद्दल लिहिलंय तेवढं वाचून घ्यावं, मधलं सगळं सोडून द्यावं. मधलं आहे ते सी-प्लस-प्लस लिहिणाऱ्यांसाठी, आणि खास करून जे सवयीने मेकफाइलमध्ये (प्रोग्राम कसा बनवायचा ते लिहिलेल्या फाइलमध्ये) मार्च-नेटिव्ह हा फ्लॅग टाकतात त्यांच्यासाठी. (हा मार्च महिना नव्हे हो. एम म्हणजे मशीन आणि आर्च म्हणजे आर्किटेक्चर. शिकवताना दरवर्षी एक तरी जण विचारतोच.)

माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा तरुणपणी नाटकांत ऑर्गन वाजवायचे, म्हार्दोळ, मंगेशी, कवळे, जत्रेला नाटक असलं की बाबा तिकडे. त्या काळच्या ध्वनिमुद्रणाच्या चाळीसेक कॅसेट घरात आहेत, बहुतेक नव्वद मिनिटांच्या, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. आपल्याकडची दमट हवा, टेपवर बुरशी, खरखर, मध्येच कुणीतरी खोकतंय. ती खरखर काढायचा प्रोग्राम मी स्वतः लिहिलाय. आवाजाचे छोटे तुकडे करायचे, फूरिए ट्रान्सफॉर्म मारायचा, म्हणजे आवाज वेगवेगळ्या कंपनांत फोडायचा, नको ते काढायचं, परत जोडायचं. अशा कामात कंपायलरने (लिहिलेल्या कोडचा मशीनला चालेल असा प्रोग्राम बनवतो तो) प्रोसेसरच्या व्हेक्टर सूचना, म्हणजे एका दमात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या, नीट वापरल्या तर वेळ निम्म्याहून खाली येतो, म्हणून तो नेटिव्ह फ्लॅग. त्याचा अर्थ एवढाच की बाबा रे कंपायलरा, तू ज्या मशीनवर बसलायस त्याला काय काय येतं ते तूच बघ आणि त्याप्रमाणे कोड काढ.

आणि गोम इथेच आहे. ज्या मशीनवर बसलायस म्हणजे कुठे?

१२४०पी मध्ये चार पी-कोअर आहेत आणि आठ ई-कोअर. पी म्हणजे परफॉर्मन्स, आतलं नाव गोल्डन कोव्ह, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातात आणि प्रत्येकात दोन थ्रेड, म्हणजे एकावेळी दोन कामं. ई म्हणजे एफिशियन्सी, आतलं नाव ग्रेसमाँट, ३.३ पर्यंत, थ्रेड एकेकच. चार दुणे आठ अधिक आठ, असे सोळा सीपीयू लिनक्सला दिसतात, ० ते ७ पी चे आणि ८ ते १५ ई चे. पणजी-मडगाव शटल आणि प्रत्येक थांब्यावर थांबणारी खाजगी बस, असं समजा. दोन्ही मडगावला पोचतात, तिकीट काढून बसलात की चढताना कुठली आहे ते कुणी विचारत नाही, फक्त इथे कंडक्टर तुम्हाला मध्येच एकीतून उतरवून दुसरीत बसवतो आणि तुम्हाला कळत पण नाही.

पहिला झटका लॅपटॉप घेतल्यानंतर चौथ्या दिवशी. माझा जुना लॅपटॉप मेला होता तेव्हा महिनाभर मी भाच्याच्या लॅपटॉपवर काम केलं होतं. तो फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतोय, त्याचा लॅपटॉप लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला, अकरावी पिढी, आय५-११३५जी७. त्यावर बनवलेला प्रोग्राम पेनड्राइव्हवर होता, तोच नव्यावर टाकून चालवला. एक सेकंद पण नाही गेला आणि पडद्यावर "इल्लीगल इन्स्ट्रक्शन, कोअर डम्प्ड". मला वाटलं पेनड्राइव्हवर फाइल खराब झाली असेल. परत कॉपी केली. तेच. भाच्याच्या मशीनवर सुरळीत चालतोय.

"मावशी, तुझा नवा आहे ना? मग माझ्यापेक्षा जास्त यायला पाहिजे त्याला."

"तेच तर. थोरल्याला येतं आणि धाकट्याला येत नाही."

डिबगरमध्ये उघडून नेमका कुठल्या सूचनेवर पडला ते बघितलं. मला वाटत होतं की झेडएमएम रजिस्टर (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतली आकडे ठेवायची जागा) दिसेल, म्हणजे ५१२ बिटवाले, म्हणजे संशय फिटला. पण तिथे साधा वायएमएम होता, २५६ बिटचा, आणि पाच मिनिटं मी त्याच्याकडे बघत बसले की अरे हा तर याला येतो. मग त्याच ओळीत कोपऱ्यात के-१ दिसला. के-१ म्हणजे मास्क रजिस्टर, आणि ते एव्हीएक्स-५१२ या व्हेक्टर सूचनासंचासोबतच येतं, आधी नव्हतंच. माझा कंपायलर जीसीसी अकराव्या पिढीसाठी कोड काढताना आपण वेगळं सांगितलं नाही तर २५६ बिटच पसंत करतो, पण सूचना मात्र एव्हीएक्स-५१२ घराण्यातल्या वापरतो. त्यामुळे झेडएमएम नाही म्हणून सुटलो असं समजू नका, के-काहीतरी किंवा सोळा किंवा त्यापुढच्या नंबरचं रजिस्टर दिसलं तरी गोष्ट तीच. ही एक गोष्ट शोधायला माझी अख्खी संध्याकाळ गेली, तुमची जाऊ नये.

मग बाराव्या पिढीत ते का नाही? खरं म्हणजे आहे. गोल्डन कोव्हच्या सिलिकॉनमध्ये एव्हीएक्स-५१२ आहे, ग्रेसमाँटमध्ये नाही. आता प्रोग्राम सुरू झाला पी-कोअरवर, त्याने विचारलं एव्हीएक्स-५१२ येतं का, उत्तर आलं हो, आणि दोन मिलिसेकंदांनी ऑपरेटिंग सिस्टिमने उचलून त्याला ई-कोअरवर ठेवलं, की पुढच्या सूचनेला तो तिथेच आडवा. शटलमधून मध्येच लोकलमध्ये बसवलं तर उशीर होईल एवढंच, पण इथे माणूसच मरतो. म्हणून इंटेलने दोघांनाही जे येतं तेवढंच चालू ठेवलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये डेस्कटॉपवर ही पिढी आली तेव्हा काही मदरबोर्डांवर बायॉसमधून (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून) सगळे ई-कोअर बंद केले की पी-कोअरचं एव्हीएक्स-५१२ चालू करता यायचं, लोकांनी ते हौसेने केलं पण. २०२२ च्या सुरुवातीपासून इंटेलने मायक्रोकोडमधून, म्हणजे चिपच्या आतल्या प्रोग्रामच्या अपडेटमधून, ते बंद करत आणलं आणि नंतरच्या चिपांत कायमचंच बंद. त्या मधल्या दिवसांत कुणी ई-कोअर बंद ठेवून नेटिव्हवर काही बनवलं असेल आणि नंतर बायॉसमध्ये ते परत चालू केले असतील तर त्याचं पण माझ्यासारखंच झालं असणार.

इंटेलचा हा पहिला प्रयोग पण नव्हे. २०२० मध्ये लेकफील्ड म्हणून चिप आली होती, एक मोठा कोअर आणि चार छोटे. त्यात छोट्यांना एव्हीएक्सच येत नव्हतं, तर मोठ्याचं पण बंद करून ठेवलं. वर्गात एकाला पाढे येत नाहीत म्हणून कुणीच म्हणायचे नाहीत, असा प्रकार.

म्हणजे पहिल्या झटक्यात लॅपटॉपची चूक शून्य, माझी शंभर टक्के. नेटिव्हवर बनवलेलं दुसऱ्या मशीनवर न्यायचंच नसतं, हे मी स्वतः पोरांना सांगते. पण आपण सगळे मनात धरून चालतो ना की नवीन मशीनला जुन्याचं सगळं येतंच. ते इथे मोडलं. हे विकत घेताना कुणी सांगत नाही, बॉक्सवर लिहिलेलं नसतं, दुकानदाराला विचारलं तर तो कोअर मोजून दाखवतो.

दुसरा प्रकार जास्त मजेशीर आहे आणि त्यात मी तीन रात्री घालवल्या.

मला एक सवय आहे, प्रोग्रामची कुठली आवृत्ती कुठल्या कॅसेटला वापरली ते वहीत लिहून ठेवते, सोबत फाइलच्या शा-२५६ हॅशचे पहिले आठ अक्षर-आकडे. (हॅश म्हणजे फाइलचा ठसा, आत जरा काही बदललं की तो बदलतो.) उद्या सहा महिन्यांनी एखादी कॅसेट परत काढावीशी वाटली तर नेमकं तेच बनवता यावं म्हणून. चवथीच्या सुट्टीत माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान आणून झाल्यावर दुपारी बसले, कोड जराही न बदलता परत बनवला, आणि हॅश वेगळा. म्हटलं वेळ-तारीख आत जात असेल. नव्हती जात. फोल्डरचा पत्ता? तोच. कंपायलर अपडेट झाला? नाही, तोच जीसीसी १३. परत बनवला. तिसराच हॅश. चौथ्यांदा चौथा. एकच कोड, एकच कंपायलर, एकच लॅपटॉप आणि दर वेळी नवीन उत्तर, आता याला काय म्हणायचं?

शेवटी दोन बिल्ड, म्हणजे दोनदा बनवलेला तोच प्रोग्राम, शेजारी ठेवून रीडएल्फ या टूलने डिबगची माहिती काढली. त्यात जीसीसी प्रत्येक फाइलमागे एक ओळ लिहून ठेवतो, मला कुठल्या फ्लॅगनी चालवलं म्हणून. नेटिव्ह दिलं असेल तर नेटिव्ह हा शब्द तिथे नसतो, त्याचा उलगडा केलेला असतो: मार्च-अल्डरलेक, मग पन्नास-साठ सूचनासंचांची लांबलचक माळ, आणि शेवटी तीन आकडे, एल१ कॅशचा (कोअरच्या अगदी जवळच्या छोट्या जलद मेमरीचा) आकार, कॅशच्या ओळीची लांबी, एल२ चा आकार. एका बिल्डमध्ये एका फाइलपुढे एल१ होता ४८. दुसऱ्या बिल्डमध्ये त्याच फाइलपुढे ३२. आणि एकाच बिल्डच्या आत बघितलं तर काही फाइलींपुढे ४८ आणि काहींपुढे ३२, पत्ते पिसल्यासारखे.

तेव्हा डोक्यात उजेड पडला आणि नेमकी त्याच वेळी घरातली लायट गेली, हे मी वाक्य सजवायला लिहीत नाहीये, पावसात फोंड्यात जाते ती.

गोष्ट अशी. नेटिव्ह दिलं की जीसीसी सीपीयूआयडी नावाची सूचना चालवतो, म्हणजे प्रोसेसरलाच विचारतो, तुझं नाव काय, गाव काय, काय काय येतं, कॅश किती. पण त्या सूचनेला उत्तर देतो तो एकटा कोअर, ज्यावर त्या क्षणी जीसीसी बसलाय तो. अख्ख्या चिपच्या वतीने कुणी बोलत नाही. पी-कोअरवर असेल तर तो सांगतो माझी एल१ डेटा कॅश ४८ केबी, ई-कोअरवर असेल तर तो सांगतो ३२ केबी, दोघेही खरंच बोलतायत. मी मेकला, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला, जे १६ देते, म्हणजे सोळा फाइली एकदम, म्हणजे सोळा जीसीसी सोळा ठिकाणी, कुठली फाइल कुणाच्या वाट्याला जाईल हे त्या क्षणीच ठरणार. म्हणून दर वेळी वेगळी पिसणी. एल२ चा आकडा मात्र सगळीकडे सारखाच, १२२८८, तर मला वाटलं अरे हा बरा जुळला. तो एल२ नाहीच मुळी, तो एल३ आहे! एल३ असेल तर जीसीसी एल२ च्या जागी तोच टाकतो, आणि एल३ बारा एमबी सगळ्यांत सामायिक, म्हणून जुळला. खरा एल२ विचारला असता तर तो पण वेगळा आला असता, पी ला प्रत्येकी सव्वा एमबी आणि ई ला चौघांत मिळून दोन.

खात्री करायला टास्कसेट वापरलं, ते प्रोग्रामला सांगितलेल्या सीपीयूवरच बांधून ठेवतं. टास्कसेट सी ० लावून एक फाइल बनवली: ४८. टास्कसेट सी ८ लावून तीच फाइल: ३२. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. आता ० लावून दोनदा बनवा, हॅश तंतोतंत. एवढा आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

एलएससीपीयू ही प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड तर आणखी भारी. ती बेरीज करून दाखवते, एल१ डेटा ४४८ केबी, बारा नग. चार गुणिले ४८ अधिक आठ गुणिले ३२, बरोबर ४४८. पण कुणी बिचाऱ्याने ४४८ भागिले बारा केलं तर प्रत्येकी ३७ पूर्णांक एक तृतीयांश येतं, असा कोअर जगात कुठे नाही. खरे आकडे हवे असतील तर सिस-डिव्हाइसेस फोल्डरमध्ये सीपीयू-कोअर आणि सीपीयू-अ‍ॅटम असे दोन वेगळे विभाग असतात, त्यात लिहिलेलं सापडतं की ०-७ एकीकडे, ८-१५ दुसरीकडे.

आता प्रश्न असा की एवढ्याने प्रत्यक्ष फरक काय पडतो? प्रामाणिक उत्तर, माझ्या कोडमध्ये काहीच नाही. दोन्ही बिल्डचं डिसअसेंब्ली, म्हणजे आतल्या मशीनच्या सूचना, काढून डिफ मारला, एक ओळ वेगळी नाही, फरक फक्त त्या डिबगच्या ओळींत. सूचनांच्या बाबतीत पी आणि ई दोघेही सारखंच उत्तर देतात, इंटेलने एव्हीएक्स-५१२ कापलं ते यासाठीच, त्यामुळे या चिपवर नेटिव्हने बनवलेला प्रोग्राम याच चिपवर कुठल्याही कोअरवर पडणार नाही, ती भीती नको. पण ज्यांचं काम हॅशवर चालतं, बिल्ड जसाच्या तसा परत काढता आला पाहिजे असं ज्यांना लागतं, त्यांना हे डोकं फिरवणारं आहे. आणि मोठ्या लूपांचे तुकडे पाडताना कुणी तो एल१ चा आकडा खरोखर वापरत असेल तर अर्धा प्रोग्राम एका मापाने शिवलेला आणि अर्धा दुसऱ्या.

तसे वाईट किस्से मोबाइलवाल्यांनी आधीच भोगलेत. माझ्याकडे गॅलेक्सी एस७ होता, भारतात तो एक्सिनॉस ८८९० वर मिळायचा, चार मोठे चार छोटे कोअर. मोठ्यांची कॅशची ओळ १२८ बाइटची आणि छोट्यांची ६४ ची. मोनो नावाचा रनटाइम आहे, सी-शार्पचे अ‍ॅप चालवणारा, तो कोड तिथल्या तिथे बनवतो आणि बनवून झाला की सूचनांची कॅश ओळीओळीने साफ करतो. त्याने ओळीची लांबी एकदा विचारून लक्षात ठेवली, १२८. मग काम छोट्या कोअरवर गेलं, तिथे हा १२८ च्या ढांगा टाकत साफ करतोय म्हणजे प्रत्येक दुसरी ओळ तशीच जुनी राहतेय. अ‍ॅप कुठेही, कधीही, कसल्याही सूचनेवर पडायचे आणि बघायला गेलं तर मेमरीत कोड अगदी बरोबर. २०१६ मध्ये त्यांनी ते शोधून काढलं. त्यापुढे माझी वहीतली हॅशची कटकट म्हणजे मच्छर चावल्यासारखी आहे, पण मूळ तेच: एकाला विचारलं आणि सगळ्यांचं म्हणून लिहून घेतलं.

माझं स्वतःचं खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी झालं होतं आणि हे सगळं कळल्यावर ते लक्षात आलं. फूरिए ट्रान्सफॉर्मसाठी मी एफएफटीडब्ल्यू वापरते. ती लायब्ररी सांगितलं तर सुरुवातीला वेगवेगळ्या पद्धती प्रत्यक्ष चालवून, घड्याळ लावून बघते की या मशीनवर कुठली जलद, आणि तो निष्कर्ष विझडम म्हणून फाइलमध्ये साठवता येतो. माझी विझडमची फाइल मी एकदाच बनवली होती, मागे मोठा बिल्ड चालू असताना. म्हणजे मोजमाप कुठे झालं, ई वर, पी वर, की मध्येच इकडून तिकडे, देव जाणे. नंतर पी ला बांधून परत बनवली तर कॅसेटच्या एका बाजूला दोन मिनिटांच्या वर लागायची ती दीडवर आली. कंपायलरचे फ्लॅग बदलून बदलून मी आठवडाभर जे शोधत होते ते इथे पडलं होतं.

तर आता मी काय करते. स्वतःच्या वापराला नेटिव्ह सोडून सरळ मार्च-अल्डरलेक लिहिते, मग जीसीसी कुणाला विचारायलाच जात नाही, कॅशचे ते आकडे येत नाहीत, हॅश सोळा थ्रेडवर बनवा की एकावर, तोच. त्यासाठी जीसीसी ११ किंवा पुढचा लागतो, त्याआधीच्याला हे नावच माहीत नाही. उबुंटू २०.०४ वर बसलेले असाल तर तिथला मूळ जीसीसी ९ आहे, तिथे हा प्रयत्न करू नका, नेटिव्ह दिलं तरी तो अंदाजाने जुन्या कुठल्यातरी पिढीचं नाव चिकटवणार. भाच्याला द्यायचं असेल तर एक्स८६-६४-व्ही३, त्यात एव्हीएक्स२ आणि एफएमए येतं, त्याच्याकडेही चालतं माझ्याकडेही. क्लँग या दुसऱ्या कंपायलरचं सांगायचं तर तो नेटिव्हवर सूचना शोधतो पण कॅशचे आकडे घुसवत नाही, त्यामुळे तिथे ही हॅशची भानगड होतच नाही, पण माझ्या कोडला जीसीसी थोडा जलद पडतो म्हणून मी बदलला नाही. आणि काहीही मोजायचं असेल तर टास्कसेट सी ०-७, न बांधता काढलेल्या आकड्यांवर आता माझा विश्वास नाही. पर्फ हे वेग मोजायचं टूल वापरत असाल तर तो पण पी आणि ई चे आकडे वेगवेगळे दाखवतो, घाबरू नका, तुमचं इन्स्टॉल बिघडलेलं नाही.

एएमडीचं घ्यायला हवं होतं का असं भाचा विचारतो. त्यांच्यातही मोठे-छोटे आलेत, झेन ४ आणि झेन ४सी, पण छोट्याला सूचना सगळ्या येतात, एव्हीएक्स-५१२ सकट, फक्त वेग कमी. कंपायलरच्या बाजूने बघितलं तर हे जास्त शहाणपणाचं वाटतं मला. इंटेलने पण जुलै २०२३ मध्ये एव्हीएक्स-१० जाहीर केलं ते याच दुखण्यावर, पी आणि ई ला एकच संच असावा म्हणून. पण त्या दिवशी म्हापशात ५४ हजारांत एएमडीचा असा नव्हता, आणि मला मेलेल्या लॅपटॉपच्या जागी त्याच आठवड्यात काहीतरी हवं होतं.

बाकी लॅपटॉप. कीबोर्ड छान, खोल दाबला जातो, रात्री बाबा झोपले असताना आवाज होत नाही. पंखा मात्र मोठा बिल्ड लावला की पिठाच्या गिरणीसारखा, सोळाही थ्रेड जोरात असले की दोनेक मिनिटांत वेग उतरतो, ही चिप थोडा वेळ ६४ वॉटपर्यंत खाते आणि या बारीक डब्यातून तेवढी उष्णता बाहेर जातच नाही. स्क्रीन ठीक, बाहेर बाल्कनीत काही दिसत नाही. बॅटरी लिहिण्या-वाचण्याला सहा तास, बिल्ड करत बसलात तर दीड. रॅम आठ जीबी बोर्डावरच जोडलेली आणि एक रिकामा स्लॉट, मी आठची आणखी एक बसवली, ती आधीच बसवून घ्या, नाहीतर जे १६ वर रॅम संपून मशीन स्वॅपमध्ये (डिस्कवर) जाऊन बसतं. चार्जरची पिन तिसऱ्या महिन्यात सैल झाली, दुकानात नेला तर "कंपनीक व्हरात" म्हणून हात वर, सर्व्हिस सेंटरला दोन खेपा झाल्या तेव्हा बदलून मिळाला. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवू नका, मी सिलिकाची पाकिटं टाकून डब्यात ठेवते, कॅसेटसोबतच.

या पैशांत घ्यावा का? कोड लिहिणाऱ्याने घ्यावा, आठ ई-कोअर बिल्डला खरंच उपयोगी पडतात, जुन्या चार कोअरवाल्यावर माझा बिल्ड सात मिनिटं घ्यायचा तो आता तीनच्या आत होतो. एव्हीएक्स-५१२ शिकायचं असेल तर मात्र घेऊ नका, भाच्याच्या जुन्यासारखा अकराव्या पिढीचा शोधा, हसू नका, खरंच सांगतेय.

चाळीसपैकी सव्वीस कॅसेट झाल्या. परवा एकीची दुसरी बाजू लावली, खरखर गेल्यावर ऑर्गनच्या मागे कुणीतरी पाणी मागितलेलं स्वच्छ ऐकू आलं, बाबांनी लगेच ओळखलं कोण ते. उरलेल्या शिगम्याच्या आधी संपवायच्या आहेत. एक विचारायचं राहिलं: या लॅपटॉपच्या बायॉसमध्ये ई-कोअर बंद करायचा पर्याय मला सापडत नाहीये, कुणाकडे १२४०पी असेल आणि त्यात तो दिसत असेल तर कुठल्या मेनूत आहे तेवढं सांगा.